२८० झेडचे सहा इंजेक्टर: घरी साफ करू की पाठवू?

कोल्हापूर_ते_मिशिगन

मंडळी, गाडी १९७७ ची डॅटसन २८० झेड. एल२८ इंजिन, सहा सिलिंडर, २७५३ सीसी. दोन वर्षं झाली, गॅरेजात सुट्या भागांच्या रूपात नांदतेय. ब्लॉक आणि हेड गेल्या आठवड्यात मशीन शॉपमधून आलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं झकास. काल बुटांच्या खोक्यातून इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, काढले तर तोंडावर काकवीसारखा थर. वास असा की बायको चहा घेऊन आली ती कप दारातच ठेवून परत गेली.

मल्टिमीटर लावला. पाच इंजेक्टर २.३ ते २.५ ओहम, चार नंबरवर काटा हलायला तयार नाही. मग ९ व्होल्टच्या चौकोनी सेलला क्षणभर टेकवून बघितलं. १, २ आणि ५ टकटक करतात. ३ आणि ६ मुके.

माझं शिक्षण बाबांच्या चेतकवर झालंय. कार्ब्युरेटरचा जेट काढायचा, पेट्रोलमध्ये बुडवायचा, तोंडानं फुंकायचा, नाहीच उघडला तर वायरीतली एक बारीक तार घालायची. आत्ताही हात शिवशिवतोय. कार्ब क्लीनर आहे, सिरिंज आहे, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आहे. घरी जमेल का? इंजेक्टर साफ करून देणारा लॅबवाला नगामागे पंचवीस डॉलर सांगतोय.

निवृत्त_नोझलवाला (नाशिक)

आधी ती तार खाली ठेवा.

मी तीस वर्षं नोझलमध्ये काढली, डिझेलच्या. तुमचं पेट्रोलचं, दाब फार कमी, पण सुई आणि तिच्या बैठकीचं नातं तेच. चेतकचा जेट म्हणजे नुसतं भोक. इथे भोकातून बारीक सुईचं टोक बाहेर डोकावतं, आणि पेट्रोल त्याच्या भोवतीच्या फटीतून फवाऱ्यासारखं उडतं. तारेनं त्या टोकाला एक ओरखडा आला की फवाऱ्याची धार होते. वरून स्वच्छ दिसेल, इंजिन मात्र रडेल.

१२ व्होल्ट थेट लावू नका. अडीच ओहमला १२ व्होल्ट म्हणजे पाच अँपिअरच्या आसपास. गाडीत मध्ये रेझिस्टर असतात म्हणून आतली, सुई उचलणारी कॉइल टिकते. तुमचा ९ व्होल्टचा सेल मुळात अशक्त, म्हणून तोच बरा, तोही टिचकी मारल्यासारखा. कार्ब क्लीनरचा धुरळा आणि बॅटरीची ठिणगी एका टेबलावर नको, हे तुम्हाला कळतंच. तरी लिहितो, कारण कळणारेच भाजतात.

३ आणि ६ ची कॉइल शाबूत आहे, म्हणजे ते वार्निशनं, जुन्या पेट्रोलच्या वाळलेल्या थरानं, चिकटलेत. सुटतील. चार नंबर गेला. कॉइल आत बंद असते, तिला दुरुस्ती नाही.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. घरी तुम्ही त्यांना *उघडाल*, *जुळवणार* कसे? एल-जेट्रॉनिक, म्हणजे तुमच्या गाडीची इंजेक्शनची यंत्रणा, सहाही इंजेक्टरना एकदमच उघडतं, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, सगळ्यांना सारखाच वेळ. तुमच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन तपासणारा सेन्सरही नाही. एक इंजेक्टर निम्मंच पेट्रोल देत असला तरी त्या कंट्रोलच्या डब्याला पत्ता लागत नाही. ते सिलिंडर कमी पेट्रोलवर कोरडं जळतं, आणि पिस्टन कालच बसवलेला असतो. लॅबमध्ये अल्ट्रासोनिक टाकीत इंजेक्टर चालू-बंद करत धुतात, मग काचेच्या नळ्यांत एकाच दाबाखाली मोजतात. पैसे त्या मोजण्याचे. आधीचे आणि नंतरचे आकडे लेखी मागा.

गॅरेज_पुणे_३८

काकांशी सहमत. माझी चूक सांगतो. माझ्या जुन्या जर्मन गाडीचे इंजेक्टर घरी धुतले, फवारा फर्स्टक्लास होता म्हणून खूष होऊन बसवले. बंद असताना ठिबकतात का, हे बघितलंच नाही. इग्निशन दोन-चारदा चालू करून पंप ऐकत बसलो, रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब चढला आणि झोपायला गेलो. सकाळी स्टार्टर मारला, ठक्! इंजिन जागेवर अडकलं. एका सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं होतं, आणि पेट्रोल दाबलं जात नाही. प्लग काढून फिरवल्यावर कारंजं उडालं. कनेक्टिंग रॉड वाचला हे नशीब, पण तेल सगळं ओतून टाकावं लागलं. गळतीची चाचणी फवाऱ्याइतकीच महत्त्वाची.

आणखी एक, २८० झेडच्या इंजेक्टरला शेपटीवर रबरी नळी असते ना? ब्लेडनं कापू नका, खालच्या दातऱ्यांवर चर पडला तर नवी नळी कायम पाझरेल. सोल्डरिंग आयर्ननं लांबीच्या दिशेनं चिरा, मोकळ्या हवेत. नवी नळी इंजेक्शनच्या दाबाचीच घ्या. खालची सील रबरंही नवीच, तिथून हवा शिरली तर सगळी जुळवाजुळव वाया.

कोल्हापूर_ते_मिशिगन

तार खाली ठेवली. पाठवले. चार नंबरच्या जागी एकाच्या भंगार झेडमधून काढलेला घेतला, तोही सोबत दिला.

आकडे आले, मिनिटाला सीसीमध्ये. आधी: १८१, १७६, ०, ११९, १८३, ०. नंतर: १८७, १८५, १८४, १८६, १८८, १७१. सहाव्याला त्यांनी तीनदा धुतलं, त्यापुढे तो सरकेना. काका, चालेल का?

निवृत्त_नोझलवाला (नाशिक)

पाच जण तीन टक्क्यांच्या आत, उत्तम. सहावा त्यांच्या सरासरीहून आठ टक्के मागे. जुन्या इंजिनात मी डोळेझाक केली असती. नव्या पिस्टनवर नाही. आणखी एक भंगारातला शोधा. आणि टाकी उघडून बघितलीत का? ते वार्निश आलं कुठून?

कोल्हापूर_ते_मिशिगन

आत्ता बघून आलो. टॉर्च मारला तर तळाला गंजाचा चहाचुरा, चांगला बोटभर. टाकी उद्या खाली काढतो. बरं झालं, इंजेक्टर अजून खोक्यातच आहेत. खोकं मात्र नवीन घेतलंय.