मदत हवी आहे: लायका एम१२ बाबतच्या अफवांवर कितपत विसंबावे?

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे फिल्मचा लायका एम६ कॅमेरा आणि ३५ व ५० मिमीच्या दोन लेन्स आहेत, आणि त्याच लेन्स वापरता येतील असा डिजिटल रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा) मला घ्यायचा आहे. वापरलेला एम१० किंवा एम११ घ्यावा, की अद्याप जाहीरही न झालेल्या एम१२ साठी थांबावे, हा निर्णय होत नाही.

एम१० जानेवारी २०१७ मध्ये आणि ६० मेगापिक्सेलचा एम११ जानेवारी २०२२ मध्ये आला, त्यामुळे पाच वर्षांच्या या अंतरावरूनच पुढच्या कॅमेऱ्याचे वर्ष काढले जाते. परंतु दोनच तारखांवरून वेळापत्रक मांडणे मला घाईचे वाटते. २०२५ च्या ऑक्टोबरात आलेल्या लायकाच्याच एम ईव्ही१ मध्ये तर रेंजफाइंडरच नव्हता, त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर (दृश्य छोट्या पडद्यावर दाखवणारी खिडकी) होता, आणि तेव्हापासून एम१२ मध्ये दोन्ही एकत्र असतील का, याविषयीचे तर्क वाढले आहेत. मला मात्र दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करण्याची जुनी पद्धतच हवी आहे. ती जाणार असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

जाणकारांना माझी विनंती आहे की, एम११ येण्यापूर्वी पसरलेल्या बातम्यांपैकी कोणत्या खऱ्या ठरल्या आणि कोणत्या निव्वळ कल्पना होत्या, हे आठवत असल्यास कृपया सांगावे. तसेच नवे मॉडेल आल्यावर जुन्या एम कॅमेऱ्यांच्या भारतातील किमती खरोखर उतरतात का, आणि रेंजफाइंडरची जुळणी बिघडल्यास ती भारतात कोठे खात्रीने करून मिळते, हेही कळवावे.