आजोबांची पद्मिनी, माझी पहिली हॉट रॉड. सल्ला हवा (सोलापूर)

लूमवाला_पोरगा
नमस्कार मंडळी. मी विडी घरकुलचा, वय २४, आयटीआय फिटर, सध्या घरच्याच पॉवरलूमवर. आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी लूममागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी आहे. टपावर चादरींची गाठोडी, मागच्या सीटवर कोंबडीचा मुक्काम. वडील म्हणतात भंगारात घाल, तिथं अजून एक लूम बसेल. मला तिची हॉट रॉड करायचीय, म्हणजे जुनी गाडी कापून-छाटून वेगासाठी नव्यानं बांधलेली. टप कापून चार इंच खाली, पुढची मडगार्डं गायब, मोठं इंजिन, मागं रुंद टायर. बजेट दोन लाख, तेही एकदम नाही. ग्राइंडर आणि आर्क वेल्डिंगचं मशीन घरात आहे. गाडीचं काम मात्र आयुष्यात केलेलं नाही. सुरुवात कुठून करू? अक्कलकोट रोडच्या बाजूला चांगला डेंटर कोण, तेही सांगा.

टर्नर_चिंचोळी
पहिलं काम, ग्राइंडर आईकडे दे आणि सांग की महिनाभर मागितला तरी द्यायचा नाही.

चेष्टा नाही भावा. अमेरिकेत ज्यांचे टप कापले त्या फोर्ड गाड्यांना खाली वेगळी चासी होती, बॉडी वरून बोल्टनं बसवलेली. मडगार्ड काढा, टप उतरवा, चासीला त्याचं सोयरसुतक नाही. पद्मिनीला तशी चासीच नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चासी. टप, दारांचे खांब, दाराखालचे बॉक्स, सगळे मिळून भार घेतात. काडेपेटीचं बाहेरचं खोकं एका बाजूनं काप आणि दोन बोटांत धरून पिरगळून बघ. तीच गत होईल, फक्त आत तू बसलेला असशील.

आणि त्या पत्र्यावर आर्क लावलास तर जोड कमी, भोकं जास्त. तिथं गॅस वेल्डिंग नाहीतर मिग (तारेचं वेल्डिंग) लागतं.

तुला कापायचंच असेल तर स्टँडर्ड हेराल्ड शोध, तिला वेगळी चासी आहे. नाहीतर जुनी जीप. पण हेराल्ड मिळणं आता मुश्कील, आणि मिळाली तर ती कापावीशी वाटणार नाही.

आरसीबुक
सगळे पत्र्यावर बोलताय. आरसी कुणाच्या नावावर आहे बे?

आजोबा गेले असतील तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर कर. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत केव्हाच संपली असणार, म्हणजे फिटनेस दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण, वर उशिराचा दंड. हे झाल्याशिवाय एक रुपयाचा स्पेअर आणू नको.

आता कापाकापी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला. तुझी यादी मोजून बघ. इंजिन बदलायला आधी परवानगी, मग आरसीवर नोंद. रंग बदलला तरी नोंद.

आणि एक गोष्ट कुणी सांगितली नाही. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. रोजच्या वापराला ती चालत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. अट एवढीच की चासी, बॉडीचं कवच आणि इंजिन यांत मोठी ढवळाढवळ नको. १९७८ अधिक ५०, म्हणजे २०२८. आज टप कापलास तर तो दरवाजा कायमचा बंद.

इसुझू_१८००
सगळे पोराला घाबरवायलाच बसलेत. कॉन्टेसा गाडीत यायचं ते १८१७ सीसीचं इसुझू इंजिन शोध, सोबत पाच गिअरचा बॉक्स. पद्मिनीच्या १०८९ पुढं ते म्हणजे हत्ती. परवानगीचं बघता येतं. हॉट रॉडमध्ये इंजिन नाही तर मग काय उरलं, नुसता रंग?

टर्नर_चिंचोळी
हत्ती बरोबर. पण त्याला थांबवणार कोण? चारही चाकांना जुने ड्रम, मागच्या अॅक्सलचं हौसिंग चाळीसेक हॉर्सपॉवरच्या हिशेबाचं. इंजिनाची माउंटिंग नवी, शाफ्ट कापून बॅलन्स करायचा, रेडिएटर मोठा. सोलापूरच्या मे महिन्यात मूळ इंजिनच सिग्नलला उकळतं. दोन लाख तिथंच संपतील आणि गाडी शेडमध्येच, फक्त आता इंजिनाशिवाय. अशा अर्ध्यावर सोडलेल्या तीन गाड्या मी माझ्या लेथसमोर पाहिल्यात. तिन्ही पहिल्याच प्रयत्नाच्या होत्या.

घाटरस्ता
ब्रेकवरून आठवलं म्हणून सांगतो. माझीही पद्मिनी होती, रंग चकाचक, टेप नवा. तुळजापूरहून परत येताना घाटात पायाखालचं पेडल एकदम मऊ झालं आणि फळीला टेकलं. मागच्या व्हील सिलिंडरचं रबर फाटून सगळं ऑइल चाकावर. जुना सिंगल मास्टर सिलिंडर, त्यामुळं एक चाक गळलं की चारही गेली. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. बायको पुढं दोन महिने गाडीत बसली नाही. आदल्याच महिन्यात मी पॉलिशवर पैसे घातले होते.

तेव्हा दोन लाखांतले पहिले पैसे मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, होज आणि ब्रेक लायनर यांत घाल. मग स्टीअरिंगची ढिलाई. मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी.

जुना_वाचक_पुणे
थोडं विषयांतर. कॅलिफोर्नियातली पोरं गाड्या का कापायची? फोर्डनं १९२७ पर्यंत दीड कोटी मॉडेल टी विकल्या होत्या, जुन्या गाड्या पैशाला पासरी. मडगार्ड काढायचे ते वजन कमी करून म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर वेग मोजायला. मग १९३२ ला फोर्डनं स्वस्तात व्ही-८ दिलं, ६५ हॉर्सपॉवरचं, आणि पोरांना लॉटरी लागली. पुढं रस्त्यावरची शर्यत डोकेदुखी झाली, म्हणून १९५१ ला एनएचआरए ही हॉट रॉडवाल्यांची संघटना निघाली आणि शर्यत ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे शर्यतीच्या सरळ पट्टीवर गेली. तिथं जे स्वस्त आणि मुबलक होतं ते कापलं. आपल्याकडं आता पद्मिनी ना स्वस्त ना मुबलक.

लूमवाला_पोरगा
दोन आठवड्यांनी येतोय, माफ करा. गाठोडी उतरवली, कोंबडीला दुसरीकडं हलवलं.

फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सगळीकडं फिरवलं. टप आणि बॉनेट कडक धरतं. मागच्या डाव्या चाकावर दोन वीत जागेत घसरून पडतं, म्हणजे आत नुसती पुट्टी. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आरपार गेला. खाली जमीन दिसली, तिथं एक वाटाणा पडलेला.

टप कापत नाही. २०२८ चं गणित वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, तोवर शेडचं भाडं दे. आरसी आजीच्या नावावर करायचं चाललंय. इंजिन तेच ठेवतो, पण त्यात जीव आणता येईल का? आणि डेंटर?

टर्नर_चिंचोळी
आता बोललास. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोड, दोन दिवस मुरू दे, मग हातानं फिरव. सेल्फ मारू नको. फिरलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपास. टाकी उतरवून धुऊन घे, आणि पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे, इथेनॉल चालणारे. आताच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलनं जुनं रबर खराब होतं. व्हॉल्व्ह घासून घे, हेडला हलकंसं फेसिंग, म्हणजे खालची बाजू सपाट घासून घेणं. जास्त घासलास तर साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागेल. एवढ्यानंही गाडी बदललेली कळते.

डेंटरचं नाव इथं टाकत नाही. जाऊन त्याच्याकडची अर्धवट गाडी बघ, पुट्टी चढायच्या आधीची. पत्रा कापून पत्रा जोडलेला दिसला तर गाडी दे. भोकावर पट्टी ठोकून वर लेप असेल तर चहा पिऊन परत ये. वेल्डिंगआधी बॅटरी आणि टाकी बाहेर, हे त्याला नाही, स्वतःला सांग.

लूमवाला_पोरगा
मागचा उजवा ड्रम निघतच नाही. हातोडा घालू?

घाटरस्ता
कडेवर नको, ड्रमला तडा जाईल. अॅडजस्टर पूर्ण ढिला कर, गंजावर तेल सोडून रात्रभर ठेव, मग लाकडी हातोडीनं गोल फिरत ठोक. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली भोकं असतील तर त्यात बोल्ट घालून दोन्हीकडून सारखे आवळ, ड्रम आपोआप बाहेर ढकलला जाईल. निघाला की आतली धूळ हवेनं उडवू नको. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. नाकाला मास्क, ओल्या फडक्यानं पूस, फडकं पिशवीत बांधून टाक.

लूमवाला_पोरगा
बरं झालं विचारलं. लूमचा कॉम्प्रेसर ओढत आणलाच होता शेडपर्यंत.