पुनर्विकासात मिळणारे घर हयातीतच मुलाच्या नावावर करावे का?

नौपाडेकर आजी :
नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासाला जात असून पुढच्या महिन्यात विकासकाबरोबर पर्यायी जागेचे करार नोंदवले जातील. घर माझ्या व यजमानांच्या नावावर आहे. 1986 साली त्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेवर आणि माझ्या पाटल्या मोडून ते घेतले. मुलगा, सून व सात वर्षांची नात कासारवडवलीला भाड्याने राहतात, लेक नेरूळला असते. आठवड्यातील पाच दिवस नात शाळेतून येण्याआधी मी तिथे पोहोचते आणि मुलगा ऐरोलीच्या कार्यालयातून परतला की घोडबंदर रस्त्याच्या गर्दीतून घरी येते.

आता मुलाचे म्हणणे असे, की कर्ज काढून जादा क्षेत्र विकत घ्यावे, सर्वांनी एकत्र राहावे आणि त्यासाठी आम्ही घर बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करावे. मुलाला राहते घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये पडते (स्थानिक अधिभार वेगळा), हेही त्याने शोधून ठेवले आहे.

माझे मत विरोधात आहे. मुलावर अविश्वास आहे असे नाही. परंतु गेल्या वर्षी गुडघा सुजला तेव्हा मी सुनेला "पंधरा दिवस जमणार नाही" असे सांगितले आणि ते कोणीही मनाला लावून घेतले नाही. त्याच्याच मालकीच्या घरात राहून मी ते इतक्या सहजपणे म्हणू शकले असते का, हा प्रश्न मला पडला आहे.

घोडबंदरवासी :
आजी, मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणाऱ्या माणसाने ते कोणाच्या घरासाठी घ्यायचे? मृत्युपत्र आहे असे आईवडील सांगतात. परंतु मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. उद्या एखाद्या रागाच्या भरात ते बदलले गेले, तर हप्ते फेडणारा मुलगा हातात पावत्या घेऊन बसणार. वडिलधाऱ्यांना भविष्याची चिंता असते, तशी ती चाळिशीतल्या माणसालाही असते. फरक एवढाच, की त्याने ती बोलून दाखवली की तिला हाव म्हणतात.

शिवाय नात सांभाळण्याचा विषय घराच्या मालकीत आणू नये. तो आणला, की तुमचे नातीवरचे प्रेम भाड्याच्या पावतीसारखे दिसू लागते, आणि तुम्हालाही ते आवडणार नाही.

निवृत्त अव्वल कारकून :
महसूल खात्यात नोकरी झाल्याने या प्रकारचे अर्ज जवळून पाहिले आहेत, म्हणून दोन गोष्टी कागदाच्या अंगाने सांगतो. बक्षीसपत्र एकदा नोंदवले व स्वीकारले गेले, की मन बदलले एवढ्या कारणाने ते मागे घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यातील कलम 23 नुसार ते रद्द होऊ शकते. मात्र मुलाने आपली देखभाल करावी या अटीवर घर दिले होते आणि ती अट त्याने मोडली, असे तिथे दिसावे लागते. डिसेंबर 2022 मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अटीवर बोट ठेवले. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवून घराचा ताबा तिला परत देवविला, तेव्हाही मुलाने आयुष्यभर सांभाळण्याचे स्वतंत्र वचनपत्र लिहून दिले होते, ही बाब महत्त्वाची ठरली. तेव्हा "आमचा मुलगा तसा नाही" असे म्हणून अटीविना सही करणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. मुलगा तसा नसेल, तर अट लिहिल्याने त्याचे काहीच बिघडत नाही.

मुलांकडून दरमहा खर्च मिळावा म्हणून आईवडील याच कायद्याखाली करतात त्या निर्वाहाच्या अर्जाचेही सांगतो. तो प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणात चालतो आणि कायद्यात महिन्याला कमाल 10,000 रुपयांची मर्यादा आहे. मी पाहिलेल्या अर्जदारांपैकी अनेकांना पैसे नकोच असत. "त्याला एकदा समोर बसवा" एवढेच ते सांगत. त्यासाठी घर गमावण्याची वेळ येऊ देऊ नये.

सीवूड्सची सून :
या धाग्यात मुलगा आहे, आई आहे, कायदा आहे. सून मात्र फक्त नात सांभाळायला देणारी म्हणून आली आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना अंघोळ घालणे, औषधे देणे हे मी करते, तरीही 2007 च्या कायद्यातील 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत, मी नाही. याबद्दल तक्रार नाही, उलट एका अर्थी सुटकाच आहे. परंतु "घर आमचे" या वाक्याचा अर्थ आजींनी फक्त स्वतःच्या बाजूने पाहिला आहे. सासऱ्यांच्या घरात अकरा वर्षे काढताना भिंतीत खिळा ठोकायचा तरी मी विचारत असे. नकार देण्याची मुभा आजींना मालकीतून मिळते, तर त्याच मालकीमुळे ती सुनेच्या हातून जाते, हेही मान्य करावे.

नौपाडेकर आजी :
खिळ्याचे वाचून मी थोडी थांबले. माझ्या सासूबाईंच्या घरी दुधाची पिशवी कोणत्या पातेल्यात ओतायची हेही ठरलेले होते, आणि मी ते विसरले असावे.

घोडबंदरवासी, कर्जाचा मुद्दा मला पटला. जो हप्ते भरतो त्याचे नाव करारात असायलाच हवे. म्हणून यजमानांपुढे असा पर्याय ठेवला आहे, की निम्मा हिस्सा मुलाला आताच द्यावा, देखभालीची अट व आम्हा दोघांचा हयातभर राहण्याचा हक्क त्याच कागदात लिहावा आणि उरलेला निम्मा आमच्याकडे राहू द्यावा. नात सांभाळण्याचा संबंध जोडू नये, हे मात्र पटत नाही. तो संबंध मी जोडलेला नाही. "एकत्र राहिलो की आई, तुझे येणेजाणे वाचेल" हे मुलाच्या प्रस्तावातले पहिलेच वाक्य होते.

घोडबंदरवासी :
निम्म्या हिश्श्याने प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. तुमच्या पश्चात उरलेल्या निम्म्याचे काय? मृत्युपत्र आज आहे, ते उद्या असेलच याची खात्री कोणी द्यावी? मुलाने फेडलेल्या घरात मग बहीण वाटेकरी होणार, आणि भावाबहिणींत जे आजवर झाले नाही ते तेव्हा होणार. मी अजूनही पूर्ण हस्तांतरणाच्या बाजूने आहे. अट हवी तेवढी कडक लिहा.

वाशीकर :
"बहीण वाटेकरी होणार" हे वाक्य संकट आल्यासारखे लिहिले आहे, म्हणून राहवले नाही. माझ्या माहेरी वडील गेल्यावर मला थेट दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बोलावले गेले. हक्कसोडपत्र तयार होते आणि सही झाल्यावर पेढे मिळाले. शेवटची तीन वर्षे दर शनिवारी वाशीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जाऊन वडिलांना तपासणीला नेणारी मीच होते, हे तेव्हा कोणाला आठवले नाही. मी सही केली, कारण भावाशी बोलणे बंद व्हायला नको होते. आजही ते बंद नाही, पण पूर्वीसारखेही नाही.

कायद्याने पाहिले तर आजींनी स्वतः घेतलेले घर त्या कोणालाही देऊ शकतात. त्यांच्या हयातीत त्यावर ना मुलाचा हक्क, ना मुलीचा. म्हणूनच द्यायचे असेल तर दोघांना समोर बसवून द्यावे. न विचारता दिलेल्या घरावर मुलगी दावा करणार नाही कदाचित, पण दिवाळीला येताना तिची पावले जड होतील.

नौपाडेकर आजी :
हा धागा घरात वाचायला दिला. मुलाने घोडबंदरवासी यांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि यजमानांनी वाशीकर यांचा. नेरूळच्या लेकीला मी रविवारी जेवायला बोलावले आहे. या विषयात तिला आजवर आमच्यापैकी कोणी काही विचारलेलेच नाही.