उत्तरेकडच्या जंगलात कोणतं झाड वाढणार, हे थंडीच ठरवते ना?

रानभैरी: माझं मत सरळ आहे. तैगातली, म्हणजे उत्तरेकडच्या या थंड जंगलपट्ट्यातली, झाडं निवडते ती थंडी. ओकसारख्या बऱ्याच पानझडी झाडांच्या पेशींतलं पाणी साधारण उणे 40 अंशांपर्यंत न गोठता राहू शकतं. पारा त्याखाली गेला की पेशीतच बर्फ होतो आणि झाड मरतं. मग उरतात सुयांसारख्या पानांची (सूचिपर्णी) स्प्रूस, पाइन, लार्च आणि रुंद पानांची बर्च, अस्पेन. पूर्व सायबेरियात तर लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्याआधी सगळ्या सुया गाळून मोकळं होतं. मुळं गोठलेल्या जमिनीत, वर पाणी चढणार कुठून? सुया ठेवल्या तर वाळूनच जायच्या.

पानगळ: अर्धंच पटलं. आइसलंडमध्ये मुळात जंगल उभं करणारं झाड एकच, बर्च. थंडीनेच निवड केली म्हणता, तर तिथे 1949 साली लावलेलं सिट्का स्प्रूस 2022 मध्ये 30 मीटरच्या वर कसं गेलं? मधे समुद्र होता, बी पोचलंच नव्हतं!

रानभैरी: माणसाने लावलेलं एक झाड वाढणं वेगळं, जंगल आपणहून उभं राहणं वेगळं.

वणवा: दोघेही आग विसरताय. कॅनडातल्या जॅक पाइनचे शंकू राळेने घट्ट बंद असतात. आगीची धग लागून राळ वितळली की मग ते उघडतात आणि बी जळक्या जमिनीवर पडतं. ब्लॅक स्प्रूसच्या फांद्या पार खालपर्यंत, त्यामुळे आग शेंड्याला भिडते. सायबेरियातल्या लार्चच्या जंगलात ती बहुतेकदा जमिनीलगतच फिरते. कडाका दोन्हीकडे आहे, तरी आगीची तऱ्हा निराळी, कारण झाडं निराळी.

रानभैरी: पण आग लागते कशाने? 2004 साली अलास्कात एवढं जंगल जळालं ते उन्हाळा गरम आणि कोरडा गेला म्हणूनच. म्हणजे फिरून हवामानच.

वणवा: जळालं हवामानामुळे, मान्य. पुढचं बघा ना. जिथे शेवाळ आणि कुजक्या पाल्याचा जाड थर खोलवर जळून खालची माती उघडी पडली, तिथे स्प्रूसच्या जागी बर्च आणि अस्पेन दाटले. जिथे थर शाबूत राहिला, तिथे पुन्हा स्प्रूसच आलं. तोच उन्हाळा, तोच हिवाळा. फरक पडला तो थर किती जळाला त्याने, आणि हे मला तुमच्या थंडीच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.