सब्र आणि तक्रार एकत्र नांदतात का? (अय्यूब / ईयोब)

वाचक_क
बायबलमधला ईयोब म्हणजेच कुराणातले हजरत अय्यूब, आणि दोन्हीकडे धीराचं उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घेतात. याकोबाच्या पत्रात (5:11) ‘ईयोबाचा धीर’ येतो, कुराणात (38:44) ‘तो आम्हाला सब्र (धीर) करणारा आढळला’ असं येतं. पण ईयोबाच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायापासून हा माणूस जन्मदिवसाला शाप देतोय, देवाला जाब विचारतोय. मग धीर कसला? आणि इस्लाममध्ये दुःख बोलून दाखवलं की सब्र मोडतो का? संदर्भ देऊन सांगा. ‘सगळे धर्म एकच शिकवतात’ हे ऐकून झालंय.

दौत_लेखणी
कुराणापुरतं सांगतो. बोलल्याने सब्र मोडत नाही. कुणाकडे बोललात, हे बघतात.

सूरह (अध्याय) यूसुफ 12:83 ते 86 सलग वाचा, मध्ये थांबू नका. 83 मध्ये हजरत याकूब, ज्यांचा मुलगा यूसुफ हरवलाय, म्हणतात, ‘फसब्रुन् जमील’, आता सुंदर सब्र. पुढच्याच आयतीत (वचनात) दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडतात. 85 मध्ये मुलं टोकतात, यूसुफची आठवण काढत झिजून मराल. त्यावर 86: ‘इन्नमा अश्कू बस्सी व हुज्नी इलल्लाह’, माझी व्यथा आणि दुःख मी अल्लाहपाशीच मांडतो. ‘अश्कू’चं मूळ तेच जे आपल्या ओळखीच्या ‘शिकवा’चं (तक्रार). आणि ‘बस्स’ म्हणजे मुळात पसरणं, विखुरणं. आत मावेनासं होऊन सांडतं ते दुःख. म्हणजे सब्र आणि शिकवा यांच्यात अंतर फक्त तीन आयतींचं.

अय्यूबांची दुआ, म्हणजे प्रार्थना (21:83), याहून आटोपशीर: ‘मला त्रासाने गाठलंय, आणि तू दया करणाऱ्यांत सर्वांत दयाळू.’ ‘बरं कर’ हे शब्द त्यात नाहीतच. स्थिती सांगितली, अल्लाहचा गुण सांगितला, संपलं.

58:1 सुद्धा पाहा. नवऱ्याने ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ म्हणून जिहार केलेली (म्हणजे असं बोलून स्वतःसाठी वर्ज्य ठरवलेली) स्त्री अल्लाहकडे तक्रार करते, तिथेही क्रियापद त्याच धातूचं. तिला कुणी गप्प केलं नाही. उलट 58:3-4 मध्ये नवऱ्यासाठी कफ्फारा (प्रायश्चित्त) ठरला: गुलाम मुक्त करणं, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे, तेही झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवण.

14 व्या शतकातले इस्लामी विद्वान इब्न कय्यिम हाच फरक करतात: अल्लाहकडे तक्रार सब्रात बसते, अल्लाहबद्दल लोकांकडे तक्रार बसत नाही.

ओवी_वचन
आता बायबल. गोंधळ होतो कारण लोक ईयोबाचं पुस्तक 2:10 ला मिटतात. 42 अध्यायांपैकी पहिले दोन आणि 42:7 पासूनचा शेवट गद्य आहे. मधलं जवळजवळ सगळं पद्य, आणि तक्रार तिथे आहे.

याकोबाच्या पत्रात (हे याकोब वेगळे, वरचे याकूब नव्हेत) एकाच परिच्छेदात दोन ग्रीक शब्द येतात. 5:7, 8 आणि 10 मध्ये ‘माक्रोथुमिया’च्या कुळातले, म्हणजे उतावीळ न होणं, राग लांबवणं. ईयोबासाठी 5:11 मध्ये मात्र ‘हुपोमोने’: ओझ्याखाली टिकून राहणं. भाषांतरात दोन्हींना ‘धीर’ केलं की ईयोब मुकाट बसलेला दिसायला लागतो. तो मुकाट नाही, पण देवासमोरून उठूनही जात नाही.

स्तोत्र 13 बघा, सहाच वचनं. पहिल्या दोनात ‘कोठवर?’ चार वेळा. 3-4 मध्ये मागणी, 5-6 मध्ये भरवसा आणि गाणं. विलापस्तोत्रांची नेहमीची चाल हीच. स्तोत्र 88 ती मोडतं. शेवटी भरवसा येत नाही, मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार. तरी ते स्तोत्रसंहितेत ठेवलं.

दोष दिलाय तो कुरकुरीला. बायबलमधल्या गणना या पुस्तकात (अध्याय 14) इस्राएली लोक देवाशी बोलत नाहीत, आपसात बोलतात आणि मिसरला (इजिप्तला) परत जायला नवा पुढारी नेमायला निघतात.

वाचक_क
म्हणजे ‘देवाकडे चालेल, देवाबद्दल नको’ हे दोन्हीकडे सारखंच की.

तिसरी_घंटा
तेवढ्यावर थांबू नका, फरक तिथूनच सुरू होतो. ईयोब देवाबद्दलही बोलतो, सांत्वनाला आलेल्या मित्रांसमोर, आणि आरोप करतो: तो निर्दोष आणि दुष्ट दोघांचाही नाश करतो (9:22). कुराणातले अय्यूब असं काही म्हणत नाहीत. 38:41 मध्ये ते यातनेचा संबंध सैतानाशी जोडतात. मित्रांशी वादही कुराणात नाही. आणि बायबलमध्ये शेवटी देव फटकारतो ते मित्रांना, देवाची बाजू मांडणाऱ्यांना: ‘माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत’ (42:7). सात बैल, सात मेंढे त्यांनी द्यायचे, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना ईयोबाने करायची. अर्थात त्याआधी ईयोबालाही अध्याय 38 ते 41 मधलं देवाचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

देहबोलीतही फरक आहे. ईयोब 1:20 मध्ये आधी झगा फाडतो, डोकं भादरतो, मग नमन करतो. हदीसमध्ये (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) शोकात कपडे फाडणं, गाल बडवणं निषिद्ध आहे. रडणं मात्र निषिद्ध नाही: मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते म्हणाले की डोळे वाहतात, मन दुःखी होतं, पण रबला (पालनकर्त्याला) आवडेल तेच आम्ही बोलतो.

तुलना लिहून काढणार असाल तर एक सांभाळा: अय्यूबांच्या अंगात पडलेले किडे, आजाराची 18 वर्षं, पत्नीचं रहमा हे नाव, हे सगळं कुराणाबाहेरच्या परंपरेतलं आहे, ‘कुराण’ या रकान्यात घालू नका. 38:44 मधली ‘काड्यांची मूठ घे आणि मार’ ही आज्ञा आयतीत आहे, पण कुणाला मारायचं ते आयत सांगत नाही. पत्नीला, हे भाष्यकारांनी सांगितलं.