मदत हवी आहे : इंटरनेटविना वर्गात ‘फेट’ची प्रात्यक्षिके

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवताना कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संकेतस्थळावरील, पडद्यावर करून पाहायची मराठी प्रात्यक्षिके वापरायची आहेत, परंतु मोबाइलची रेंज व्हरांड्याच्या एका टोकालाच मिळते आणि ब्रॉडबँड गावात आलेले नाही. विद्युत परिपथ जोडण्याचे प्रात्यक्षिक घरून उतरवून घेतले असता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये इंटरनेट बंद असतानाही ते उत्तम चालते. दिवा पेटतो, तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉनही दिसतात. मात्र मुलांनी स्वतः तारा जोडून पाहाव्यात हाच तर हेतू आहे आणि लॅपटॉप एकच आहे.

शाळेत सिमकार्ड नसलेले सहा अँड्रॉइड टॅब आहेत. लॅपटॉपचा हॉटस्पॉट सुरू करून ‘किविक्स’ या इंटरनेटविना विकिपीडिया वाचण्याच्या ॲपमधून मराठी विकिपीडिया त्यांवर दाखवता आला, पण काही टॅब ‘इंटरनेट नाही’ असे सांगून मध्येच जोडणी तोडतात. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि ‘दीक्षा’ ॲप यांचा वापर सुरूच आहे, त्यामुळे कृपया तो पर्याय सुचवू नये. लॅपटॉप विंडोज १० चा, ४ जीबी रॅमचा आहे. नवीन खरेदीस निधी नाही.

‘कोलिब्री’ हे इंटरनेटविना एका संगणकावरून इतर उपकरणांवर शैक्षणिक साहित्य दाखवणारे सॉफ्टवेअर वापरण्याचा विचार आहे. त्यात स्वतःचे साहित्य घालण्यासाठी इंटरनेट असताना ‘कोलिब्री स्टुडिओ’ या त्याच्या संकेतस्थळावर चॅनेल (साहित्याचा संच) तयार करावे लागते, ते घरून करता येईल. ‘फेट’ची एकेक एचटीएमएल फाइल झिप करून तेथे चढवल्यास ती टॅबवर नीट चालते का, आणि टॅबची जोडणी टिकवण्यासाठी नेमकी कोणती सेटिंग बदलावी?