परदेशी कंपनीच्या गेमवर उद्या बंदी आली, तर स्पर्धेचे आणि खात्यांचे काय?

मंडळाचा खजिनदार (प्रश्न)

नमस्कार. तालुक्याच्या गावी माझे मोबाइल विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे आणि गणेशोत्सव मंडळाचा हिशेबही माझ्याकडेच असतो. यंदा रांगोळी आणि पाककृती स्पर्धेच्या जोडीला बीजीएमआयची, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या कोरियन कंपनीच्या नेमबाजीच्या गेमची, स्पर्धा घ्यावी असा मुलांचा आग्रह आहे. सोळा संघ, प्रत्येकी चार खेळाडू, बक्षिसे मंडळाकडून आणि मोठा पडदा भाड्याने, असा बेत आहे. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "परदेशी कंपनीचा खेळ आहे, मागे दोनदा बंद पडला होता. पडद्याची अनामत भरल्यावर तिसऱ्यांदा बंद पडला, तर पडद्यावर काय आरती दाखवणार?" सगळे हसले, पण मला उत्तर देता आले नाही.

सरकार परदेशी कंपनीवर निर्बंध घालते तेव्हा गेमचे नेमके काय होते, कोरियन कंपनीलाही तो धोका आहे का, मुलांनी आत घातलेल्या पैशांचे काय होते आणि त्यापेक्षा भारतीय गेम निवडणे शहाणपणाचे ठरेल का, हे जाणकारांनी सांगावे.

कलमवाचक

खजिनदार साहेब, ज्येष्ठांची शंका रास्त आहे. आधी एक फरक लक्षात घ्यावा. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजी, म्हणजे बीजीएमआयचेच आधीचे रूप, खेळण्यालाच मनाई करून काही तरुणांना पकडले होते. तिथे आक्षेप खेळणाऱ्याच्या वागण्यावर होता. २०२० चे प्रकरण निराळे. चीनबरोबरच्या गलवानच्या चकमकीनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली २९ जूनला ५९ ॲप्स आणि २ सप्टेंबरला ११८ ॲप्स बंद करण्यात आली. दुसऱ्या यादीत पबजी मोबाइल होते, आणि त्याच यादीत एक लुडोसुद्धा होते. या कलमाचा आधार देशाची सार्वभौमता, संरक्षण, सुरक्षितता असा असतो. आदेश जातो तो ॲप स्टोअर आणि इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांकडे. खेळाडू गुन्हेगार ठरत नाही, त्याच्या हातातला खेळ तेवढा नाहीसा होतो.

कोरियन कंपनीला धोका आहे का, याचे उत्तर इतिहासच देतो. पबजी मुळात कोरियाचेच. भारतात मोबाइल आवृत्ती चालवत होती ती चीनची टेन्सेंट. बंदीनंतर आठवड्याभरात कोरियन कंपनीने भारतातले हक्क स्वतःकडे घेतले आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने खेळ परत आणला. तरीही २८ जुलै २०२२ रोजी तो दोन्ही स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणी मुदतीवर परतला. मूळ कोरियन कंपनी क्राफ्टनमध्ये टेन्सेंटचा मोठा हिस्सा आहे, हे सर्वांना ठाऊक होते. गंमत अशी की कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल हे तसेच नेमबाजीचे गेम टेन्सेंटच्याच स्टुडिओने बनवले, पण प्रकाशक म्हणून नाव अमेरिकन ॲक्टिव्हिजनचे असल्यामुळे असेल, ते भारतात चालूच राहिले. फेब्रुवारी २०२२ च्या ५४ ॲप्सच्या यादीत सिंगापूरच्या कंपनीचे फ्री फायर हे गेमही गेले, आणि त्याचेच भावंड फ्री फायर मॅक्स मात्र प्ले स्टोअरवर राहिले. कलम ६९अ खालच्या २००९ च्या नियमांतील १६ वा नियम या कारवाईबाबत गोपनीयता राखायला सांगतो, त्यामुळे असे का, हे बाहेरच्याला कळत नाही. माझ्या मते आपल्यासारख्या आयोजकांना बंदीपेक्षा याचीच जास्त अडचण आहे, कारण कारणच माहीत नसेल तर पुढचा अंदाज बांधणार कशावरून?

चौथा गडी

वरील माहितीत खेळणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो. जुलै २०२२ च्या मध्याला बीजीएमआयची मोठी स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दाखवून संपली. आमच्या घरी वडिलांनी प्रथमच बातम्या सोडून ती पाहिली होती. पंधरवडा उलटायच्या आत गेम स्टोअरवरून गायब झाला. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता त्यांचा सुरू राहिला, म्हणून आम्ही निवांत होतो. आठवड्याभरात माझा फोन पावसात भिजून त्याचा मदरबोर्ड गेला. नवीन हँडसेट घेतला, स्टोअरमध्ये नाव टाकले, तर खाली भलतेच गेम. मित्राच्या फोनमधून गेमची फाइल घ्यायला पूर्वी शेअरइट ॲप असे, तेही २०२० च्या पहिल्याच यादीत गेलेले. कोणी कोरियन आवृत्ती व्हीपीएनवर, म्हणजे आपले ठिकाण लपवून, खेळत होते, कोणी स्टोअरबाहेरून कुठून तरी गेमची फाइल (एपीके) उतरवून आपला आयडी गमावून बसले. मी ते धाडस केले नाही. चौघांच्या संघात मी दहा महिने नुसता बघ्या होतो.

पैशांचे म्हणाल, तर यूसी (गेममधले चलन) विकत घेतली की ती आपल्या मालकीची झाली, असा मुलांचा समज असतो. अटींमध्ये मात्र ती केवळ वापरण्याची परवानगी असते. पबजीतली खाती बीजीएमआयमध्ये नेण्याची सोय २०२१ मध्ये दिली होती, पण तिला मुदत होती. आमच्यातला एक जण तेव्हा नोकरीच्या प्रशिक्षणात होता. त्याचा जुना आयडी आणि दोन वर्षांचे स्किन, म्हणजे खेळातले सजावटीचे पोशाख, कायमचे गेले. म्हणून दादा, स्पर्धेच्या तोंडावर कोणी पोरगा नवी स्किन घेण्यासाठी तुमच्या दुकानात गिफ्ट कार्ड मागायला आला, तर त्याला हे जरूर सांगा.

पुणेरी कोडवाला

भारतीय गेम निवडण्याच्या प्रश्नावर बोलतो, कारण त्याच धंद्यात आहे. पबजी गेल्यावर दोनच दिवसांत फौजी या भारतीय गेमची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो आलाही. पण लोकांना हवे होते बॅटल रॉयल, म्हणजे पबजीसारखा शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल असा खेळ, आणि पहिल्या आवृत्तीत होती गलवानवर बेतलेली हातघाईची मोहीम. देशभक्तीपोटी उतरवलेला गेम दुसऱ्या आठवड्यात काढून टाकणारे माझ्या ओळखीत कमी नव्हते. आमच्या पुण्याच्या सुपरगेमिंगचे इंडस हे बॅटल रॉयल १६ ऑक्टोबर २०२४ रोजी बाजारात आले. म्हणजे पहिल्या बंदीनंतर चार वर्षांनी. बंदी एका दिवसात लागते. शंभर खेळाडूंना एका नकाशात न अडखळता धावायला लावणारा सर्व्हर उभारायला वर्षे जातात. मधल्या काळात मोकळी झालेली जागा भारतीय स्टुडिओऐवजी सिंगापूरच्या फ्री फायरने भरली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

शिवाय भारतीय गेम म्हणजे तरी काय? गेम बनवायला आम्ही वापरतो ती इंजिने, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, युनिटी किंवा अनरियल, अमेरिकन कंपन्यांची. अनरियल बनवणाऱ्या एपिकमध्ये टेन्सेंटचा मोठा हिस्सा आहे. वितरण गूगल आणि ॲपलच्या हाती आणि क्लाउडही बहुधा परदेशीच. एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ या सरकारी पत्रकाने चीनसारख्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली. त्यामुळे लहान स्टुडिओंना त्या बाजूचे भांडवल जवळजवळ बंदच झाले. ते योग्य की अयोग्य, यावर आमच्या कार्यालयातच दोन तट आहेत.

हा प्रश्न भारतापुरता नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत टिकटॉकवर चिनी मालकीमुळे बंदी घालणारा कायदा लागू झाला, त्या रात्री मार्व्हल स्नॅप हा पत्त्यांचा गेमही बंद पडला. तो बनवणारा स्टुडिओ कॅलिफोर्नियाचा, पण प्रकाशक न्यूव्हर्स ही टिकटॉकची मालक असलेल्या बाइटडान्सची उपकंपनी. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. काही दिवसांत गेम परतला, आणि स्टुडिओने प्रकाशक बदलण्याची तयारी सुरू केली.

नववीतल्या मुलाची आई

सर्वांनी बंदीचे तोटेच लिहिले आहेत, म्हणून लिहिते. २०२३ मध्ये हा खेळ परतला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा घातली गेली. परदेशी कंपनीला अशी अट मान्य करायला लावणे हेही निर्बंधच आहेत, आणि मला ते हवे आहेत. आमचे चिरंजीव वडिलांच्या नंबरवरून खेळतात, हा दोष आमच्या घरचा. मंडळाने स्पर्धा घ्यावी, मात्र नावनोंदणीच्या अर्जावर पालकांची सही घ्यावी.

कलमवाचक

ताईंच्या सूचनेला अनुमोदन. आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. तो परदेशी कंपन्यांपुरता नाही. त्यात ई-स्पोर्ट्सची वेगळी व्याख्या आहे, पण तिला मान्यता आणि नोंदणीची अट जोडलेली आहे. म्हणून प्रवेश शुल्क घेऊन त्यातून बक्षीस देण्याच्या भानगडीत मंडळाने पडू नये.

मंडळाचा खजिनदार

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत ठरले ते असे: प्रवेश शुल्क नाही, पालकांची सही सक्तीची, पडद्याची अनामत आदल्या आठवड्यातच भरायची आणि ऐनवेळी गेम बंद पडलाच तर त्याच संघांची कॅरम स्पर्धा घ्यायची. फलकावर गेमचे नाव न टाकता "मोबाइल गेमिंग स्पर्धा" एवढेच लिहावे, असे मी सुचवले होते. फ्लेक्सवाला म्हणाला, "साहेब, गेमचा हेल्मेटवाला फोटो नसेल तर एकही पोरगं थांबून वाचणार नाही." तो फोटो वापरायला कंपनीची परवानगी लागते का, एवढे कोणी सांगितले तर फ्लेक्स छापायला देतो.